मालागाचा लेओव्हर : पिक-अपपासून उलटं मोजत आखलेला दिवस

दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरचं मालागा विमान कर्मचाऱ्यांच्या लेओव्हरसाठी, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या मुक्कामासाठी, फार सोयीचं शहर आहे. विमानतळापासून शहराचा मध्य ८ किलोमीटरवर, रेल्वेनं १२ मिनिटं. तिथून पुढे किल्ला, रोमन नाट्यगृह, कॅथेड्रल, मंडई आणि समुद्र एकमेकांपासून पायी पंधरा-वीस मिनिटांत. एवढं असूनही कित्येकांचा इथला मुक्काम हॉटेलची खोली आणि समोरचं सुपरमार्केट एवढ्यातच संपतो. नाहीतर उलट होतं. सगळंच बघायच्या नादात झोप जाते आणि परतीच्या उड्डाणात तारवटलेल्या डोळ्यांनी जम्प सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या आसनावर, बसावं लागतं. दोन्हीचं कारण एकच, लँडिंगपासून पुढे तास मोजणं. मोजायचे ते पिक-अपपासून, म्हणजे क्रूला न्यायला हॉटेलखाली बस येते त्या वेळेपासून, मागे.

आधी हिशेब

समजा, दुपारी १.३० ला उतरलात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला हॉटेलखाली क्रू बस आहे. कागदावर हे २३ तास आहेत. त्यातून इमिग्रेशन, बस आणि चेक-इनचा दीड तास वजा करा. उतरल्यावरच्या झोपेला दोन तास, रात्रीच्या झोपेला आठ, आणि पिक-अपआधी आंघोळ, बॅग, युनिफॉर्म, मेकअप यांना दीड तास. उरले दहा. त्यांचेही दोन तुकडे पडतात : संध्याकाळी ५ ते रात्री ११ असे सहा, आणि सकाळी ७ ते ११ असे चार. मालागा बघायचं ते या दोन तुकड्यांत.

उतरल्यावरची झोप दीड तासाची ठेवा आणि उरलेला अर्धा तास पडायला, उठायला सोडा. गजर न लावता आडवं झालं की हमखास रात्री ९ ला जाग येते. मग रात्रभर झोप नाही आणि सकाळचा तुकडाही हातचा गेला. पडदे पूर्ण ओढा आणि गजराचा फोन पलंगापासून लांब, टेबलावर ठेवा.

घड्याळाची एक गंमत इथे कामाला येते. मालागा भूगोलानं ग्रिनिचच्याही पश्चिमेला, पण घड्याळ मध्य युरोपाचं. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास. आपल्या अंगवळणी साडेबाराचं ऊन आहे. इथलं खरं ऊन ३ ते ६ मध्ये भाजतं. म्हणजे तुम्ही झोपलेले असता तेव्हा शहरातही बघण्यासारखं काही चाललेलं नसतं, छोटी दुकानं २ ते ५ बंदच असतात. जूनअखेर सूर्यास्त रात्री साडेनऊनंतर, डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या जरा पुढे. याच फरकामुळे उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा बेत वेगळा करावा लागतो. भारतापेक्षा मालागा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. दोहा किंवा दुबईहून येणाऱ्यांना हा फरक किरकोळ, पण घरी फोन करताना तिथे मध्यरात्र झाली नाही ना, एवढं बघा.

कागदपत्रं आणि शहराची वेस

या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून जरा सविस्तर. शेंगेन म्हणजे युरोपातल्या, आपसात सीमातपासणी नसलेल्या देशांचा गट. त्याच्या सीमा संहितेच्या सातव्या परिशिष्टात विमानाच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे. वैमानिकाचं लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दिलेलं क्रू मेंबर सर्टिफिकेट असेल, तर कामाच्या ओघात विमानतळावर चढता-उतरता येतं, त्या विमानतळाच्या नगरपालिका हद्दीत जाता येतं, आणि पुढचं विमान पकडण्यासाठी सदस्य देशातल्या दुसऱ्या विमानतळावर जाता येतं. मुभा एवढीच. त्यापलीकडे तुम्ही भारतीय पासपोर्टवरचे साधे प्रवासी आणि प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतो.

मालागाचं नशीब असं की विमानतळ शहराच्याच हद्दीत, चुर्रियाना भागात आहे. म्हणून किल्ल्यापासून एल पालोच्या किनाऱ्यापर्यंत सगळं या सवलतीत बसतं. पण शेजारचं तोर्रेमोलिनोस बसत नाही. ते पूर्वी मालागाचाच भाग होतं, १९८८ मध्ये वेगळी नगरपालिका झालं. ग्रानादाचा आल्हाम्ब्रा, रोंदाचा पूल, नेर्हाच्या गुहा या सहली तर त्याहून लांबच्या. पासपोर्टवर शेंगेन व्हिसा असेल तर ही वेस तुम्हाला लागू नाही. नसेल तर सहकारी 'कोण विचारतंय' म्हणाला तरी जाऊ नका. महामार्गावर साधा अपघात झाला तरी पहिला प्रश्न कागदाचा येतो. कंपनीचा नियम याहून कडक असेल तर पाळायचा तोच.

बाहेर पडताना क्रू आयडी जवळ असू द्या. पोलीस परदेशी माणसाला ओळखपत्र विचारू शकतात. पासपोर्टचं पहिलं पान आणि तुमचं नाव असलेल्या जनरल डिक्लरेशनचा (उड्डाणाच्या क्रूची नावं असलेल्या कागदाचा) फोटो फोनमध्ये, इंटरनेट नसतानाही उघडेल असा ठेवा. मूळ पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत ठेवलात तर एक बूट त्याच तिजोरीत ठेवा. बुटाशिवाय पिक-अपला कोणी जात नाही.

शहरात जायचं कसं

हॉटेल विमानतळाजवळ असेल तर सेर्कानियास या लोकल रेल्वेची सी-१ लाइन सगळ्यात बरी. टर्मिनल ३ मधून बाहेर पडलं की समोरच स्थानक आहे. दर वीस मिनिटांनी गाडी; मारिया साम्ब्रानो हे मोठं स्थानक ८ मिनिटांवर आणि शेवटचं सेंत्रो-आलामेदा १२ मिनिटांवर. भाडं दोन युरोंच्या आसपास. तिकीट यंत्रातून घ्या आणि उतरेपर्यंत फेकू नका, बाहेरच्या गेटलाही तेच लागतं.

इथे होणारी चूक ठरलेली आहे. त्याच स्थानकातून फुएनहिरोलाकडे जाणारी गाडीही सुटते. घाईत उलट्या गाडीत बसलात की काही मिनिटांत तोर्रेमोलिनोसला पोचता, म्हणजे वर सांगितलेल्या वेशीबाहेर. गाडीवर आणि फलकावर 'मालागा सेंत्रो' वाचल्याशिवाय चढू नका. शहरात मेट्रोही आहे, पण ती विमानतळाला येत नाही.

दुसरा पर्याय ए क्रमांकाची एक्सप्रेस बस. ती साधारण ४ युरोंत थेट पासेओ देल पार्के या बंदरालगतच्या हिरव्या रस्त्यावर सोडते. किल्ला आणि समुद्र तिथून रेल्वे स्थानकापेक्षा जवळ. सुटे युरो हाताशी ठेवा, ५० ची नोट चालकापुढे धरू नका. टॅक्सी पांढऱ्या, अंगावर निळा पट्टा; मध्यभागापर्यंत २० ते ३० युरो, रात्री आणि सणाला जास्त. चौघं असाल तर टॅक्सी डोईजड होत नाही. रात्री परतताना एकट्यानं स्थानकापर्यंत चालण्यापेक्षा हाच पर्याय बरा.

कार्डानं पैसे देताना यंत्र 'रुपयांत की युरोत' किंवा 'दिरहॅममध्ये की युरोत' असं विचारतं. दर वेळी युरो निवडा. दुसऱ्या चलनाचा दर त्या यंत्राच्या मालकाचा असतो आणि तो तुमच्या फायद्याचा कधीच नसतो.

संध्याकाळचा तुकडा

सेंत्रो-आलामेदाला वर आलात की ग्वादालमेदिना नदी ओलांडून पूर्वेकडे चला. नदी म्हणायची एवढंच, बहुतेक वेळा पात्र कोरडं असतं. पूल संपला की आलामेदा प्रिन्सिपाल हा मोठ्या झाडांचा रस्ता लागतो. डावीकडे काइये लारिओस, म्हणजे संगमरवरी फरशीचा, गाड्या बंद असलेला मुख्य रस्ता. १८९१ मध्ये खुला झाला. ऑगस्टमध्ये त्यावर सावलीसाठी वरून कापडं ताणलेली असतात. दुकानं जगात कुठेही असतात तीच आहेत, त्यामुळे खरेदीत इथे वेळ घालवू नका.

लारिओसच्या टोकाकडून उजवीकडे वळलं की कॅथेड्रल. बांधकाम १५२८ ला सुरू झालं आणि १७८२ ला थांबलं. दोनपैकी दक्षिणेचा मनोरा अर्धवटच राहिला. म्हणून लोक तिला 'ला मांकिता' म्हणतात, एका हाताची बाई. उत्तरेचा मनोरा ८४ मीटर उंच. बाहेरून प्रदक्षिणा घातली तरी पुरे, आत जायचं तर पाऊण तास धरा.

कॅथेड्रलच्या मागे सान आगुस्तिन गल्लीत पिकासो संग्रहालय. पिकासो जन्मला तो इथून पाच मिनिटांवरच्या प्लासा दे ला मेर्सेद चौकात, २५ ऑक्टोबर १८८१ रोजी. रविवारी बंद होण्याआधीचे शेवटचे दोन तास प्रवेश मोफत, पण तेव्हा रांग लांब. ज्यांना चित्रांत रस नाही त्यांनी लाजेकाजेस्तव आत जाऊ नये. सहा तासांतले दोन तिथेच जातात.

गल्लीतून बाहेर आलात की अल्कासाबिया रस्त्यावर एकदम रोमन नाट्यगृह समोर येतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं हे बांधकाम १९५१ पर्यंत मातीखाली होतं. त्यावर तेव्हा सांस्कृतिक भवन उभं होतं. पायऱ्या मोकळ्या करायला पुढे १९९५ मध्ये ते पाडावं लागलं. प्रवेशाला पैसे नाहीत आणि दार बंद असलं तरी रस्त्यावरून सगळं दिसतं. त्याच्या डोक्यावर अल्कासाबा, अकराव्या शतकातला मुसलमानी राजवटीचा गढीवजा वाडा, आणि त्याच्याही वर हिब्राल्फारो किल्ला, चौदाव्या शतकातला.

आता या दोन वास्तूंचा घोळ. खालून बघताना दोन्ही तटबंदीनं जोडलेल्या दिसतात, त्यामुळे अल्कासाबातून आतल्या आत वर जाता येईल असं वाटतं. येत नाही. तटांमधली ती वाट लोकांसाठी बंद आहे. अल्कासाबा बघून खाली उतरायचं आणि बाहेरच्या चढणीनं हिब्राल्फारोला पुन्हा नव्यानं चढायचं. चढण वीस मिनिटांची, पण खडी. फरशी पावलांनी घासून गुळगुळीत झालेली, उतरताना सपाट तळव्याचे बूट सटकतात. रबरी तळाचे बूट घाला. दिवसभर हिलमध्ये उभ्या राहिलेल्या पायांना ही चढण जड वाटत असेल तर ३५ नंबरची सिटी बस वर जाते. फेऱ्या मोजक्याच असल्यानं थांब्यावरची वेळ बघून ठेवा. वर बसनं जाऊन खाली चालत येणं हा मधला मार्ग. अल्कासाबालाही महापालिकेच्या मागच्या बाजूनं लिफ्ट आहे. दोन्हींचं एकत्र तिकीट वेगवेगळ्या दोन तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं आणि रविवारी दुपारी २ नंतर प्रवेश मोफत.

किल्ला उन्हाळ्यात ८ ला बंद होतो, हिवाळ्यात ६ ला. म्हणजे जून-जुलैत तटावरून सूर्यास्त बघू म्हणाल तर जमणार नाही. चढणीच्या मध्यावर मात्र एक उघडा सज्जा आहे, त्याला ना तिकीट ना दार. खाली बंदर, बंदरालगतची झाडी आणि बैलझुंजींचं गोल मैदान असं सगळं तिथून एका नजरेत येतं. हे मैदान १८७६ चं, वास्तुकार होआकिन दे रुकोबा. सकाळी मंडईत जाल तेव्हा तिचं लोखंडी छतही त्याचंच आहे, हे लक्षात असू द्या. आमच्या मते वेळ कमी असेल तर हा सज्जा पुरे, किल्ल्याचं तिकीट वाचवा.

एस्पेतो : जेवायला किनाऱ्यावर

उन्हाळ्याच्या संध्याकाळी साडेआठच्या सुमारास पासेओ देल पार्केवरून ११ नंबरची बस धरा. तिकीट दीड युरोच्या आत, वीसेक मिनिटांत पेद्रेगालेहो आणि त्यापुढे एल पालो. दोन्ही जुनी कोळीवस्ती. एकमजली घरं, छोट्या छोट्या अर्धगोल खाड्या आणि पाण्याला लागून चिरिंगितो, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळी. वेंगुर्ला-मालवणच्या माणसाला धुराचा वास आला की इथे काय भाजलं जातंय ते विचारावं लागणार नाही. तारली.

जुनी होडी वाळूनं भरतात, त्या वाळूवर ऑलिव्हच्या लाकडाचा जाळ करतात. वेताच्या किंवा लोखंडी सळीत सहा तारल्या ओवून, वर जाडं मीठ टाकून सळी निखाऱ्याशेजारी तिरकी रोवतात; हाच एस्पेतो. ज्वाळेवर धरत नाहीत, बाजूच्या धगीवर भाजतात. मसाला नाही, तेल नाही. माशाची स्वतःची चरबीच त्याला पुरते. म्हणूनच हंगाम महत्त्वाचा. स्थानिक म्हण अशी की ज्या महिन्याच्या नावात 'र' नाही त्या महिन्यात तारली खावी, म्हणजे मे ते ऑगस्ट. तेव्हा ती चरबीनं भरलेली असते. जानेवारीतही एस्पेतो मिळतो, पण कोरडा लागतो.

खायचं हातानंच. १८८४ च्या नाताळातल्या भूकंपानंतर राजा बारावा आल्फोन्सो इथे आला, सुरी-काट्यानं तारली खाऊ लागला, तेव्हा एल पालोच्या मिगेलनं त्याला 'असं नाही, बोटांनी' म्हणून सांगितलं, अशी गोष्ट मालागात घरोघर सांगतात. डोकं एका हातात, शेपटी दुसऱ्या हातात, वरची बाजू दातांनी अलगद ओढायची; काटा अख्खा शिल्लक राहतो. एका माणसाला दोन एस्पेतो आणि एक भाजीची थाळी भरपूर. मागताना 'उन एस्पेतो दे सार्दिनास' म्हणा. तळलेल्या बोकेरोन मागवल्या तर समोर येतात त्या मांदेलीच्या जातकुळीतल्या, पिठात घोळवून तळलेल्या. मालागाच्या माणसालाही गमतीनं 'बोकेरोन' म्हणतात.

एल पालोत एल तिंतेरो म्हणून एक मोठी खानावळ आहे, तिथे मेनू मागायचा नसतो. वेटर हातात थाळ्या घेऊन ओरडत फिरतात, हवी ती थाळी हात करून घ्यायची, शेवटी रिकाम्या थाळ्या मोजून बिल. उगाच हात हलवून बोललात तर टेबलावर खेकडा येऊन बसतो. भूक असताना मजा, थकलेले असाल तर डोकं उठेल.

हिवाळ्यात पुष्कळ चिरिंगितो फक्त दुपारी चालतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संध्याकाळी एल पालोला जाण्याआधी चौकशी करा, नाहीतर मध्यभागातच जेवा. स्वयंपाकघर रात्री साडेआठला उघडतं. सातला जेवायला गेलात तर थंड तापास, म्हणजे तोंडात टाकायचे छोटे पदार्थ, मिळतील, फार तर ऑम्लेट.

शाकाहारी असाल तर

'कार्ने नाही' एवढं म्हणून भागत नाही. इथे कार्ने म्हणजे बोकड-डुक्कर-गाईचं मांस. हामोन, म्हणजे वाळवलेल्या डुकराच्या मांडीच्या चकत्या, आणि ट्यूना यांची गणती लोक त्यात करत नाहीत. सॅलडवर ट्यूना, सूपवर हामोनचे बारीक तुकडे हे इथलं कोथिंबीर-खोबरं आहे. पूर्ण वाक्य पाठ करा : 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन हामोन.' पोर्रा हे घट्ट गार टोमॅटो सूप मागवताना हे हमखास म्हणावं लागतं.

निर्धोक गोष्टीही आहेत. बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या म्हणजे वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाचा पाक. चव घेतली की लक्षात येईल, ही आपली काकवी. मालागा प्रांतातल्या फ्रिहिलियाना गावी ती अजून बनते. एकदा तोंडाला लागली की वांग्याची कापं काकवीशिवाय अळणी वाटतात. आहोब्लांको हे बदाम, लसूण, पाव, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर वाटून केलेलं गार सूप, वर द्राक्षं. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाडं ऑम्लेट, तोर्तिया, कुठेही मिळतं. मालागा सॅलड मात्र नावाला फसू नका : बटाटा आणि संत्र्याच्या फोडींत खारवलेला मासा असतो.

पाणी मागताना 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा, म्हणजे नळाचं. २०२२ च्या कायद्यानं हॉटेलांना ते फुकट द्यावंच लागतं. पिण्याला सुरक्षित आहे, चव जरा जड.

दारू आणि कॉफी, दोन्ही घड्याळ बघून

आलामेदावर १८४० पासूनचं आंतिगुआ कासा दे गुआर्दिया हे दारूचं दुकान आहे. पिंपातून थेट पेल्यात ओततात आणि हिशेब लाकडी फळीवर खडूनं लिहितात. बघण्यासारखं आहे. पण मालागाची गोड वाइन सरबतासारखी लागते, साध्या वाइनपेक्षा कडक असते आणि पेला छोटा असल्यानं किती झाली ते कळत नाही. युरोपीय नियम रिपोर्टिंगआधी ८ तासांचा, डीजीसीए या भारतीय विमान वाहतूक नियामकाचा १२ तासांचा. कंपनीचा त्याहूनही जास्त असू शकतो. दुपारी १.३० चं रिपोर्टिंग असेल तर १२ तासांच्या हिशेबानं रात्री १.३० नंतर थेंबही नाही. आणि तास भरले म्हणजे रक्त स्वच्छ झालं असं होत नाही. युरोपात रॅम्प तपासणीत, म्हणजे विमान तळावर उभं असताना होणाऱ्या अचानक तपासणीत, केबिन क्रूलाही श्वासचाचणी द्यावी लागते. भारतीय कंपनीत असाल तर अल्कोहोल असलेलं माउथवॉशही बॅगेत नको.

कॉफीची मजा वेगळीच. दूध-कॉफीच्या प्रमाणाप्रमाणे मालागात कॉफीला दहा नावं आहेत. ही पद्धत काफे सेंत्रालमधून आली. ते २०२२ मध्ये बंद झालं, पण नावं शहरभर टिकली. सोलो म्हणजे नुसती काळी. मिताद म्हणजे निम्मी कॉफी निम्मं दूध. सोंब्रा, म्हणजे सावली, यात कॉफी थोडी. नूबे, म्हणजे ढग, यात दुधाला कॉफीचा नुसता रंग. क्रूसाठी हे फार कामाचं : सकाळी मिताद, दुपारी ४ नंतर फार तर नूबे. नुसतं 'काफे कोन लेचे' म्हणालात तर काय येईल ते वेटरवर.

समुद्र आणि वारा

मालागेता किनारा मध्यापासून पंधरा मिनिटं पायी. सकाळच्या चालण्याला उत्तम. पोहण्याबद्दल मात्र आधी थोडं सांगितलेलं बरं. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं पाणी इथे आत येतं, म्हणून हा समुद्र भूमध्यसागराच्या इतर किनाऱ्यांपेक्षा गार. ऑगस्टमध्येही २२ ते २४ अंश, फेब्रुवारी-मार्चमध्ये १५ च्या आसपास.

त्यातून तेर्राल हा वारा. तो जमिनीकडून, डोंगर उतरून येतो. कोरडा आणि भट्टीसारखा, पारा ४० कडे नेतो. आपल्याला वाटतं, एवढ्या उकाड्यात समुद्रात उडी मारावी. पण तोच वारा वरचं ऊबदार पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. बाहेर ४०, पाण्यात २० पेक्षाही कमी. उडी मारताच श्वास अडकतो. हळूहळू, पायांपासून उतरा. तेर्रालच्या दिवशी किल्ला टाळा, संग्रहालय धरा. उलट, लेवांते म्हणजे पूर्वेचा वारा असला की लाटा आणि दमट हवा. किनाऱ्यावरचा झेंडा लाल असेल तर पाण्यात जायचंच नाही. जेलीफिशचाही सुळसुळाट होतो, पोहणारे बाहेर उभे दिसले तर कारण बहुधा तेच. स्कूबा डायव्हिंग लेओव्हरमध्ये अजिबात नको. डायव्हिंगनंतर २४ तास तरी उडायचं नसतं.

सकाळचे चार तास

७ ला उठून ८ ला आतारासानास मंडई. चौदाव्या शतकात इथे जहाजं बांधायची गोदी होती, तिची घोड्याच्या नालासारखी संगमरवरी कमान दारात अजून आहे. तेव्हा समुद्र दारापर्यंत होता. आत रुकोबाचं लोखंडी छत आणि मागे रंगीत काचांची भिंत. सकाळी मासळीचा बाजार मांडला जात असताना जावं. मंडई रविवारी बंद. सोमवारी मालागा संग्रहालय आणि कार्मेन थिसेन संग्रहालय बंद, बंदरावरचं रंगीत काचेचं पाँपिदू संग्रहालय मंगळवारी बंद. रोस्टर हातात आलं की आधी वार बघा, मग बेत.

न्याहारीला पितूफो हा छोटा पाव, त्यावर टोमॅटोचा कीस आणि ऑलिव्ह तेल. गोड हवं तर कासा आरांदा, १९३२ पासूनचं, तिथे तेहेरिंगो, म्हणजे मालागाचे चुर्रो, गरम चॉकलेटमध्ये बुडवून. चौघांत दोन प्लेट पुरतात. त्यानंतर एकच जागा निवडा : ९ ला उघडणारं अल्कासाबा किंवा मालागेतावर तासभर. दोन्ही धरलीत तर ११ ची वेळ चुकते.

घरी नेण्यासाठी मंडईतलेच भाजलेले बदाम आणि आक्सार्किया भागातले उन्हात वाळवलेले मनुके घ्या, अर्धा-अर्धा किलो. ऑलिव्ह तेल घ्यायचं तर चेक-इन बॅगेत, बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत आणि युनिफॉर्मपासून लांब. पत्र्याचा डबा असेल तर उत्तम, काच फुटते.

ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह आणि ऑगस्टच्या मध्यावरची जत्रा या दिवसांत मध्यभागातले रस्ते मिरवणुकांनी बंद होतात, बस वळवतात, टॅक्सी मिळत नाही. तेव्हा परतीची वेळ पाऊण तासानं अलीकडे आणा. एरवीही सी-१ बंद पडली तर सेंत्रो-आलामेदावर पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहू नका. चालत पंधरा मिनिटांवर मारिया साम्ब्रानो आहे, तिथे टॅक्सींची रांग असते.